दोन फूट पाइप

३ एप्रिल

आज सकाळी सव्वासात वाजता लिडिया मला म्हणाली, "माझा हंडा बघशील का रे जरा?" त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढेमागे कुणी विचारलं तर अंदाजे सांगायला नको.

ही वही म्हणजे माझं फिजिक्सचं जर्नल. पुढची बारा पानं नाहीत, ती शहाद्याला सरांच्या टेबलावर राहिली, फाटलेल्या अवस्थेत. मागची कोरी आहेत. मराठीत लिहितोय, कारण घरात बोलतो ती बोली लिहायला कुणी शिकवलं नाही, आणि मनातलं शाळेच्या भाषेत लिहिलं की जरा इस्त्री केल्यासारखं दिसतं.

आई ताईच्या बाळंतपणासाठी व्याऱ्याला गेली आहे. म्हणून प्यायचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी लाज वाटली. आता वाटत नाही.

रस्त्याच्या वळणावर सरकारी बोअर आहे. मी सहावीत असताना हातपंपासाठी खणली, पण पंप यायच्या आधी पाणीच आपणहून वर आलं, मग पंप आलाच नाही. एक उभा पाइप, माणसाच्या डोक्याइतका उंच, वर वाकडा बेंड. त्यातून बारा महिने पाणी पडतं. मोटर नाही, लाइट नाही. घरच्या नळाला पाणी येतं पण त्याला वास मारतो, म्हणून अख्खं गाव प्यायला इथूनच नेतं. नवापूरकडे जाणारे गाडीवालेसुद्धा थांबून बाटल्या भरतात. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते. एक हंडा भरायला दहा मिनिटं. त्यामुळे रांगेत माणसं नसतात, भांडी असतात. माणसं सावलीत.

पाइपाखाली दगडांचा ओटा रचलाय, खांद्याएवढा उंच. हंडा त्यावर ठेवून भरायचा. एवढा उंच कुणी रचला देव जाणे. भरलेला हंडा खाली घेताना माझ्या पाठीत रोज कळ येते.

तर लिडियानं हंडा माझ्या हंड्यामागे ठेवला आणि ती टेकाडावर गेली. तिथं मोबाइलला रेंज येते. मी पन्नास मिनिटं तिचा हंडा बघितला. स्टीलचा आहे, गळ्याजवळ एक पोचा.

५ एप्रिल

आज एका जीपवाल्यानं रांग सोडून वीस लिटरचा कॅन धारेखाली लावला. मी त्याचा कॅन उचलून रस्त्यापलीकडे फेकला. तो म्हणाला, "पाणी तुझ्या बापाचं आहे का?" मी म्हणालो, "रांग माझ्या बापाची आहे." पुढचं बायकांनी सोडवलं. शर्टाची दोन बटणं गेली.

लिडिया टेकाडावरून बघत होती. म्हणजे तोंड इकडेच होतं. कानाला फोन होता.

"हो सर. नाही सर. हॉस्टेलची सोय आहे ना सर?" असं ऐकू आलं. कोण हा सर? हॉस्टेलमध्ये राहतो वाटतं.

घरी आलो, दार आपटलं. बाबा म्हणाले, "बिजागरी सैल झाली आहे. तुझ्या रागाचे पैसे सुताराला मला द्यावे लागतील."

११ एप्रिल

सर म्हणजे धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसातला माणूस. वय असेल साठ. त्याला मारायचं रद्द.

पण बातमी त्याहून वाईट आहे. लिडियाला तिथं जागा मिळाली आहे. वीस मेपर्यंत होकार कळवायचा, दोन जूनला हजर व्हायचं. हे मला रंजनामावशीनं सांगितलं. ती लिडियाची आई. पहाटे पोल्ट्रीवर अंडी उचलायला जाते, दोनला सुटते. दिवसभर कोंबड्यांशी बोलून कंटाळलेली असते, म्हणून माणूस दिसलं की सगळं सांगते.

"मावशी, ती गेल्यावर तुम्ही एकट्याच?"

"एकटी कशी? बाराशे कोंबड्या आहेत."

"तसं नाही, घरी. पाणी-बिणी?"

"तेच तर तिचं म्हणणं होतं," मावशी हसली. गेल्या वर्षी मोहाच्या झाडावरून पडल्यापासून तिचा डावा हात वजन घेऊन वर जात नाही. "फॉर्मच भरेना पोरगी. म्हणाली, आधी आठ दिवस तू एकटीनं पाणी आणून दाखव. मग मी रोज अडीच वाजता गेले. तेव्हा तिथं चिटपाखरू नसतं. हंडा ओट्यावर भरायचा, आपण खाली जाऊन उभं राहायचं, हंडा ओढला की सरळ डोक्यावर. उचलायचाच नाही! आठ दिवस आणला. मग बसली फॉर्म भरायला."

मी नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात दोन जून फिरत होता.

तिला थांबवायचं तर असं काहीतरी मोठं केलं पाहिजे की तिनं म्हणावं, एवढा माणूस गावात असताना धुळ्यात काय आहे?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चमध्ये लिडिया तीन बाक पुढे होती. मी दुःखी होतो, पण आज सगळेच दुःखी होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

२२ एप्रिल

सापडलं!

रांगेत बसून धारेकडे बघत होतो. पाणी जमिनीतून स्वतःच्या जोरावर वर येतं. जितकं उंच चढवाल तितका जोर चढण्यातच संपतो. तोंड खाली आणलं तर तोच जोर धारेला मिळेल. हे मला येतं. मी याच प्रयोगाची रीडिंग्ज घेतली होती, त्यावर सर म्हणाले होते, "इतकी बरोबर कशी आली? कुणाची उतरवलीस?" मी जर्नल फाडलं आणि बस पकडली. त्यांनाही कळेल.

नवापूरला चुडामणशेठच्या दुकानात गेलो, पाइप कापायचं ब्लेड आणि आटे पाडायची डाय भाड्यानं मागितली. शेठ शिरपूरकडचा आहे, अहिराणी बोलतो.

"चालता पाइप कसाले कापस रे भाऊ?"

मी त्याला दाब, उंची, प्रवाह सगळं समजावलं. त्यानं सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

"बठं बरोबर शे," तो म्हणाला, म्हणजे सगळं बरोबर आहे. "पण गावले इचारं का?"

गावाला काय विचारायचं? गावानं फिजिक्स घेतलं होतं का?

२७ एप्रिल, रविवार

सगळे चर्चमध्ये असताना काम उरकलं. बेंड काढला, दोन फूट पाइप कापला, भिजत भिजत आटे पाडले, बेंड परत बसवला. धार अंगठ्याहून जाड! हंडा भरायला दोन मिनिटं! मी तिथंच ओरडलो. ऐकायला फक्त म्हाताऱ्या ठकुबाईच्या शेळ्या होत्या.

बेंड आता ओट्याच्याही खाली आला, म्हणून ओटा मोडला आणि त्याच दगडांचा बसायला बाक केला. माणसांचा विचार करावा लागतो.

दुपारी सगळे बघायला आले. बाबांनी धारेखाली हात धरला आणि काही टोमणा मारला नाही, हे त्यांच्या दृष्टीनं भाषणच. लिडिया उशिरा आली. पाइपाकडे बघितलं, मोडलेल्या ओट्याकडे बघितलं.

"किती कापलास?"

"दोन फूट," मी म्हणालो. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"दोन फूट," ती म्हणाली. वाटेनं जाताना दोनदा वळून बघितलं. दोनदा!

कापलेला तुकडा घरी आणून धुतला आणि फळीवर ठेवला. बाबा म्हणाले, "कॉलेजातून एवढं तरी आणलंस."

३० एप्रिल

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रांग संपली. लिडिया येते, दोन मिनिटांत हंडा भरते, जाते. "माझा हंडा बघशील का" म्हणायला तिला वेळच मिळत नाही. माझ्या बाकावर ठकुबाई बसते.

पण दुसरी एक सोय झाली. हंडा आता जमिनीवर भरतो, त्यामुळे तो डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आज लिडियाला मी हंडा उचलून दिला. तिच्या डोक्यावर चुंबळ, माझ्या दोन्ही हातांत हंडा, मध्ये फक्त पाणी. तिनं डोळे मिटून घेतले होते. लाजेनं असणार.

४ मे

आज एकवीस हंडे उचलून दिले. बायका आता मला हाकच मारतात. "जोएल, ये रे बाबा, तूच कापलास, तूच चढव!" सकाळी सहा ते नऊ मी वळणावर उभा. खांदे भरून आलेत.

बाबा म्हणाले, "आधी बायका एकट्या पाणी आणायच्या. आता प्रत्येकीला एक जोएल लागतो. प्रगती म्हणतात ती हीच."

दार आपटणार होतो, हात वर होईना.

९ मे

विजय!!

आज वाटेत लिडियानं स्वतःहून मला थांबवलं. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मी धुळ्याला जात नाही. झालं तुझं समाधान?"

माझं समाधान! तिला माझ्या समाधानाची काळजी आहे. मी म्हणालो, "का?"

"का म्हणे!" ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "तू खरंच एवढा येडा आहेस, का सोंग करतोस?"

"लिडिया, मी तुला कधीच—"

"हंडा दे डोक्यावर. उशीर होतोय."

दिला.

ती राहिली. माझ्यासाठी राहिली. दोन फुटांत जग बदललं. एवढं मोठं शिक्षण सोडून राहायचं म्हणजे रडू तर येणारच. मी कॉलेज सोडलं तेव्हा मीही बसमध्ये रडलो होतो, पण ते धुळीमुळे.

१० मे

झोप नाही. भूक नाही. बाबांनी विचारलं, "पोट बिघडलं का?"

१४ मे

दुपारी नवापूरहून परत येत होतो. अडीचला बसमधून वळणावर उतरलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बोअरवर रंजनामावशी एकटीच होती.

मी तिला हाक मारणार तेवढ्यात थांबलो. तिनं हंडा अर्धाच भरला होता. उजव्या हातानं कवळून कमरेला लावला, दोन पावलं गेली, हंडा निसटला. सगळं पाणी रस्त्यावर. ती हंड्यापाशी बसली. मग उठली. पुन्हा भरायला गेली, या वेळी अर्ध्याहून कमी. तसा घेऊन चढण चढून गेली, रिकामा करून पुन्हा आली. तीन खेपा. मी चिंचेमागे उभा होतो. का पुढे गेलो नाही ते मला लिहिता येत नाही.

"बघ, बघ," मागून आवाज आला. ठकुबाई. शेळ्या सावलीला घेऊन बसली होती. "रोज सराव करते ती, जमलं की पोरगी जाईल म्हणून. आईला वाटतं पोरगी बघत नाही. पोरगी रोज टेकाडावरून बघते."

"मला माहीत नव्हतं, आजी."

"तुला काय माहीत असतं? तो पाइप कोणाच्या मापाचा होता?"

"सरकारच्या."

"माझ्या!" तिनं काठी स्वतःच्या खांद्यावर आपटली. "ती मशीनवाली पोरं गुडघ्याएवढ्या पाइपाला बेंड लावत होती. मी म्हटलं, थांबा. ओटा इथवर येणार, माझ्या खांद्याला. त्याच्या वर हंडा. त्याच्या वर तुमचा बेंड. ते म्हणाले, आजी, धार बारीक होईल. मी म्हटलं, होऊ दे. माझा माणूस तेव्हा गुजरातेत ऊस तोडायला, सूनही तिकडेच. बाई एकटी आली तर हंडा कोण चढवणार, तुझा बाप? पाणी देवाचं, ते हळू आलं तरी चालतं. पण हात माणसाकडे मागावा लागतो."

मी म्हणालो, "मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कधी बोलू? मी शेळ्या घेऊन आले तेव्हा तू कापून ओरडत होतास."

१५ मे

कुणी मला सांगितलं का नाही? अख्खं गाव आलं होतं. सगळ्यांनी धार बघितली, टाळ्या वाजवल्या. (टाळ्या दोघांनीच वाजवल्या.) आणि आता सगळा दोष माझा! मी काय सगळ्यांचे खांदे मोजत बसू?

११ एप्रिलचं पान उघडून वाचलं. मावशीनं सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात आहे.

१६ मे

उपाय सुचला. अडीच वाजता वळणावर जाऊन उभा राहिलो. मावशी आली.

"मावशी, रोज अडीचला मी येत जाईन. हंडा मी चढवून देईन. वर्षानुवर्षं! तुम्ही लिडियाला सांगा, जा म्हणावं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज येशील, उद्या येशील. तुला ताप आला तर?"

"तरी येईन."

"परत कॉलेजला गेलास तर?"

"मी कॉलेजला कधीच जाणार नाही!"

"अरे देवा," ती म्हणाली. "मग माझ्या एका हंड्यापायी दोन पोरं घरी बसली म्हणायची."

मी हंडा उचलला. तिनं चढवून घेतला, पण जाताना म्हणाली, "जोएल, तू चांगला आहेस रे. पण मला चांगला माणूस नको होता, ओटा हवा होता."

पाइप परत जोडला की ती धुळ्याला जाणार. नाही जोडला की इथंच राहणार, डोळे मिटून माझ्याकडून हंडा घेणार. आता कळलं की ते लाजेनं नव्हतं. माझं तोंड बघायचं नव्हतं तिला.

नाही जोडला तर कुणी मला काही म्हणणार नाही. बायकांना दोन मिनिटांची सवय लागली आहे. जीपवाले खूश आहेत. विचार करतोय. म्हणजे विचार करून झालाय, राग उतरायची वाट बघतोय. कोणावरचा राग, ते ठरायचंय.

१७ मे

फळीवरचा तुकडा घेऊन चुडामणशेठकडे गेलो. त्यानं तुकडा बघितला, मला बघितलं.

"ऊना का? आते काय ताणीसन लांब करू? रबर शे का तो?"

"खालच्या बाजूला आटे पाडून द्या. आणि एक सॉकेट."

त्यानं आटे पाडले, सॉकेट लावून फिरवून बघितलं. भाडं घेईना. म्हणाला, "पोर कोनी शे?"

"कोणती पोर?"

"जिन्हासाठी कापा, आणि जिन्हासाठी जोडी ऱ्हायना."

मी म्हणालो, पाण्याच्या दाबाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "हाव, दाबच तो."

१८ मे, रविवार

आजच करायचं. गेल्या वेळसारखं सगळे चर्चमध्ये असताना चोरून नाही. बायका हंडे घेऊन येतील तेव्हाच, त्यांच्यासमोर. ओरडतील. धार पुन्हा करंगळीएवढी होणार, दहा मिनिटांचा हंडा, मे महिन्याचं ऊन. "कापायला कुणी सांगितलं होतं?" म्हणतील, "आणि आता जोडायला कुणी सांगितलं?" मी उलट बोलणार नाही. हे लिहून ठेवतोय म्हणजे तिथं गेल्यावर आठवेल.

बाक मोडून ओटा रचायला ठकुबाई येणार आहे. म्हणजे ती उभी राहणार, मी रचणार. माप तिच्या खांद्याचंच. मी म्हणालो, रंजनामावशीचं घेऊ. तर म्हणाली, "ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. उंच बाईला वाकता येतं रे, बुटकीनं काय करायचं?"

बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "म्हणजे महिनाभर राबून तू पाइप होता तिथं आणून ठेवणार." मग उठून आतून मोठा पाना आणून माझ्यापुढे ठेवला. "सॉकेटला सुतळी गुंडाळ, नाहीतर गळेल."

हे मी लिडियासाठी करत नाही. तिच्या आईसाठीही नाही. मला चुकीची रीडिंग्ज सहन होत नाहीत, एवढंच.

परवा वीस तारीख. पाइप जोडला की रांग परत लागणार. रांग लागली की कुणालातरी हंडा बघायला सांगून तिला टेकाडावर जाता येईल, धुळ्याला होकार कळवायला. दहा मिनिटांच्या हंड्याला मागेपुढे पाच हंडे धरले तर फोनला पन्नास मिनिटं मिळतात. पुरेशी आहेत. हंडा कुणाला बघायला सांगेल, ते माहीत नाही. मला सांगितलं तर बघेन.

पाना घेतला. तुकडा घेतला. सुतळी खिशात. निघतो.

बाबा पुन्हा आडवे झालेत. बिजागरी अजून सैलच आहे, म्हणून दार थोडं उचलून, हळू ओढून घेतो.